घरच्या घरी रेडियम कटिंग : नागपुरातल्या नवशिक्यांसाठी

दारावर लावायला मी पहिलं नाव कापलं ते 'सावली'. कॉम्प्युटरवर काढलेल्या रेघेप्रमाणे ब्लेडने स्टिकरचा कागद कापणारं मशीन बिनबोभाट चाललं. सोलायला घेतलं तेव्हा कळलं की शिरोरेषा प्रत्येक अक्षराच्या जोडावर चिरली गेली आहे. स वेगळा, काना वेगळा, व वेगळा, वेलांटी तर चिमट्यालाच चिकटून आली. तुकडे जुळवून कसंबसं दारावर लावलं, तर सासूबाई चष्मा नाकावर घेऊन म्हणाल्या, "हा ल आपला नाही गं. हिंदीतला आहे."

दोन्ही चुका माझ्या होत्या. कटरला अक्षर कळत नाही, फक्त रेघ कळते. जिथे रेघ दिसेल तिथे तो ब्लेड फिरवतो. या मशीनचे जे व्हिडिओ सापडतात ते बहुतेक रोमन लिपीचे आणि थंड हवेतले. आपण कापतो देवनागरी आणि राहतो नागपुरात. एवढ्या फरकाने माझे तीन रोल वाया गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

शब्दाचं आधी सांगते. दुकानात जाऊन 'व्हिनाइल' मागितलंत तर समजतील, पण 'रेडियम' म्हटलंत तर लगेच समजतील. चमको वा न चमको, मागे गोंद असलेला रंगीत पापुद्रा म्हणजे आपल्याकडे रेडियम. मीही तेच म्हणते.

१. मशीन घेण्याआधी महिनाभर थांबा

दुकानातलं मशीन साधारण दोन फूट रुंदीचं असतं, त्याला सगळे प्लॉटर म्हणतात. घरगुती मशीन बारा इंचांचं. ते चिकट मॅटवर कागद किंवा रेडियम ठेवून कापतं. सिल्हूट, क्रिकट, ब्रदर ही त्यातली ओळखीची नावं. क्रिकटचं सॉफ्टवेअर नेटवर खातं उघडल्याशिवाय चालत नाही, हे घेण्याआधी माहीत असू द्या.

माझा सल्ला असा की पहिला महिना फाइल स्वतः बनवा आणि कापून दुकानातून आणा. फाइल बनवण्यात रमलात तर मशीन घ्या. न रमलात तर मशीन कपाटावर चढेल आणि तिथेच राहील. मी ज्यांच्याकडून कापून आणायचे त्यांनी माझी पहिली फाइल बघून हात जोडले होते. "ताई, एवढ्या बारीक अक्षरात काहून हात घालून राहिल्या? सोलता सोलता रात्र होते ना बाप्पा!" पुस्तकातून न मिळणारं शिक्षण ते हेच.

जुनं मशीन मिळत असेल तर वाईट नाही, पण समोर कापून दाखवायला सांगा. ब्लेड जिथून धावतं त्या जागी खाली एक पांढरी पट्टी असते. तिच्यावर खोल चर पडले असतील तर कटिंग सारखं येणार नाही. ती पट्टी बदलता येते, तेवढे पैसे कमी करून घ्या. स्वस्त प्लॉटर कॉम्प्युटरला जोडताना यूएसबीचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो आणि पोर्टचा नंबर सॉफ्टवेअरमध्ये निवडावा लागतो. नवीन माणूस पहिली संध्याकाळ हमखास यातच घालवतो. मशीन बिघडलं असं समजू नका.

२. सामान

- रेडियम : सुरुवातीला पांढरं, काळं आणि एखादा गडद रंग. भिंतीसाठी निघणाऱ्या गोंदाचं, डबे-पाट्यांसाठी कायमच्या गोंदाचं.
- ट्रान्सफर टेप : कापलेली अक्षरं जशीच्या तशी उचलून न्यायला.
- टोकदार चिमटा आणि एक सुई.
- जुनं एटीएम कार्ड, कडेला मऊ कापड गुंडाळून. स्क्वीजी, म्हणजे रेडियम दाबून बसवायची पट्टी, विकत मिळते, पण कार्डाने भागतं.
- जादा ब्लेड, निदान दोन.
- स्पिरिट आणि धुवून मऊ झालेलं सुती कापड.
- स्टीलची पट्टी, पेपर कटर, पेन्सिल, मास्किंग टेप.
- हेअर ड्रायर, घरात असेल तो.

रेडियम मीटरवर सुटं मिळत असेल तर सुटंच घ्या, पूर्ण रोल नको. स्वस्त रेडियम उन्हात आक्रसतं. वर्षभरात कडेला चिकट काळी रेघ दिसू लागते. घरातल्या कामाला ते चालतं. बाहेरच्या पाटीसाठी दुकानदाराला 'बाहेर टिकणारं' असं स्पष्ट सांगा.

३. फाइल : निम्मं काम इथेच

मी इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर वापरते. मोफत आहे आणि या कामाला पुरून उरतं. दुकानांत बहुतेक कोरल ड्रॉ असतं. तिथेही रीत हीच, फक्त आज्ञांची नावं वेगळी.

अ) फॉन्ट. युनिकोडमध्ये टाइप करा. 'मुक्ता' हा फॉन्ट मोफत आहे, रेघा जाड आणि एकसारख्या, कापायला सोपा. 'तिरो देवनागरी मराठी'ही मोफत मिळतो आणि त्यात ल आणि श मराठी वळणाचे येतात. पण त्याच्या रेघा कुठे जाड, कुठे बारीक असतात, म्हणून तो मोठ्या पाटीलाच वापरा. कोणताही फॉन्ट घेतला तरी कापण्याआधी 'शाळा लहान' असं काहीतरी टाइप करून ल-श बघून घ्या. माझ्या सासूबाई तुमच्या घरी नाहीत.

आ) अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. रोमन अक्षरं मोकळी केली की छान दिसतात. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि दातांमध्ये फटी पडल्यासारखं दिसतं.

इ) अक्षराचं चित्र करा. मजकूर निवडा आणि पाथ मेनूतलं ऑब्जेक्ट टू पाथ दाबा. आता ती अक्षरं राहिली नाहीत, आकार झाले. मग अनग्रुप करा, म्हणजे आकारांचा गट सुटा होतो.

ई) जोडा. सगळे आकार निवडून पाथ मेनूतलं युनियन. कोरलमध्ये यालाच वेल्ड म्हणतात. स्क्रीनवर काहीही बदललेलं दिसणार नाही, आणि फसगत होते ती इथेच. काळ्यावर काळं चढलेलं असल्याने जोड डोळ्याला दिसत नाही, ब्लेडला मात्र दिसतो.

उ) म्हणून कंट्रोल आणि ५ दाबून नुसत्या बाह्यरेषा दाखवणारं दृश्य उघडा. शिरोरेषेच्या आत कुठेही उभी रेघ दिसली तर जोड अजून बाकी आहे. 'सावली'ची फाइल मी नंतर या दृश्यात उघडली तेव्हा तिच्यात पाच अक्षरचिन्हांच्या चार जोडांवर एकमेकांत घुसलेल्या रेघा होत्या. आता ही तपासणी केल्याशिवाय मी मशीनचं बटण दाबत नाही, कितीही घाई असली तरी.

ऊ) बारीक जागा मोजा. रेघ दीड मिलिमीटरपेक्षा बारीक नको. अनुस्वार निदान तीन मिलिमीटरचा ठेवा. फॉन्टमध्ये लहान असेल तर हाताने मोठा करा. अनुस्वार, चंद्रबिंदू आणि पाऊण य ('ट्य', 'ड्य'मधला) ही सोलताना हरवणारी मंडळी आहेत. 'आनंद'चा 'आनद' झालेली पाटी मी एका सोसायटीच्या जिन्यात बघितली आहे, आणि ती वर्षानुवर्षं तशीच आहे.

दुकानात फाइल नेणार असाल तर हे सगळं करूनच न्या. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की भलतीच अक्षरं दिसतात. आकार केलेली फाइल सगळीकडे सारखीच उघडते.

फोटोवरून चित्र काढायचं असेल तर इंकस्केपमध्ये ट्रेस बिटमॅप ही आज्ञा आहे. त्यातून आलेल्या रेघेवर शेकडो बिंदू असतात आणि प्रत्येक बिंदूवर ब्लेड थरथरतं. कंट्रोल आणि एल दाबून रेघ सोपी करा. वाघाच्या मिशा गेल्या तरी चालतील, कापलेला वाघ गुळगुळीत दिसेल.

४. ब्लेड : टोक दिसेल न दिसेल एवढंच

साध्या रेडियमला ४५ अंशांचं ब्लेड लागतं, जाड मालाला ६० अंशांचं. रेडियमची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. त्यामुळे ब्लेड होल्डरमधून जेमतेम डोकावलं पाहिजे. नवीन माणूस ते भरपूर बाहेर काढतो, मागचा कागद कापला जातो, आणि सोलताना सगळंच हातात येतं.

प्रत्येक नव्या रोलवर आधी एक चाचणी घ्या : इंचभर चौकोन, त्याच्या आत त्रिकोण. चौकोन सोलला की त्रिकोण कागदावर राहायला हवा. मग त्रिकोणही काढा आणि मागच्या कागदावर बोट फिरवा. पुसटशी खूण जाणवली तर बरोबर. खोल रेघ असेल तर दाब कमी करा. प्लॉटरवर दाब ग्रॅममध्ये दाखवतात. मी ८० पासून सुरुवात करते आणि दहा-दहाने वाढवते.

कोपरे गोल येत असतील किंवा कोपऱ्यावर छोटी शेपटी राहत असेल तर ऑफसेट बघा. ब्लेडचं टोक त्याच्या दांड्याच्या बरोबर मध्ये नसतं, थोडं बाजूला असतं, आणि ते अंतर मशीनला सांगावं लागतं. साध्या ब्लेडला ते बहुधा ०.२५ मिलिमीटर असतं.

५. सोलणं आणि उचलणं

इंग्रजी व्हिडिओंत जास्तीचं रेडियम काढण्याला वीडिंग म्हणतात. म्हणजे आपली निंदणीच. तण काढायचं, पीक ठेवायचं. कोपऱ्यातून धरा आणि पापुद्रा सरळ वर न ओढता मागे दुमडत, जवळजवळ कागदाला टेकवून ओढा. अक्षरांची पोटं शेवटी सुईने काढा. नाव मोठं असेल तर फाइलमध्येच शब्दांच्या मधून एक-दोन उभ्या रेघा टाकून ठेवा, म्हणजे पापुद्रा तुकड्यातुकड्याने निघतो आणि स्वतःलाच चिकटत नाही.

ट्रान्सफर टेप मधून बाहेरच्या बाजूला दाबत लावा. मग सगळं उलटं करा आणि टेपवरून कागद काढा, कागदावरून टेप नाही. ही एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर!

६. चिकटवणं, आणि आपलं ऊन

मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर असताना गॅलरीतल्या लोखंडी दाराला हात लावून बघा. त्या पत्र्यावर रेडियमचा गोंद टेकताक्षणी पकडतो, सरकवायला वावच राहत नाही. रेडियम मऊ पडून ताणलं जातं ते वेगळंच. बाहेरचं काम सकाळी आठच्या आत करा. डिसेंबर-जानेवारीत उलट अडचण येते : पहाटेचा गार पत्रा गोंद धरत नाही, तिथे हेअर ड्रायरने जागा कोमट करा.

कूलर चालू असलेल्या खोलीत कटिंग करू नका. ओलसर हवेने मागचा कागद फुगतो, रेडियमच्या खाली बोगदे पडतात आणि ब्लेड तिरकं जातं. रोल प्लास्टिकमध्ये गुंडाळून उभे ठेवा. पावसाळ्यातही तेच.

जागा स्पिरिटने पुसा, वाळू द्या. चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर रेडियम टिकत नाही. भुकटीला चिकटतं आणि भुकटीसकट गळतं. नवा ऑइलपेंट असेल तर तीन-चार आठवडे थांबा. काचेवर मोठा तुकडा लावायचा असेल तर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून काच ओली करा, त्यावर रेडियम सरकवून जागेवर आणा आणि कार्डाने पाणी बाहेर काढा.

७. करून बघण्यासारखी कामं

डब्यांची नावं. सुरुवात इथून करा. हळद, तिखट, धने, जवस, तीळ, सावजी मसाला. शब्द छोटे, चुकले तरी नुकसान दोन इंचांचं. पूर्वी भांड्यांवर ठोकून नावं घालत, त्याचीच ही मऊ आवृत्ती. स्टीलला तेलाचा हात लागलेला असतोच, म्हणून स्पिरिट दोनदा. लावल्यावर दिवसभर डबा धुवू नका. नाव बाहेरच्या अंगाला लावा, अन्न लागेल तिथे नाही. आमच्याकडे सगळ्यात कामाचं ठरलं ते डब्यांवरचं नावही नाही : कूलरच्या टाकीवर बाहेरून लावलेल्या पाण्याच्या पातळीच्या तीन रेघा आणि त्यावर 'भरा' हा शब्द. आता घरात भांडण होत नाही.

तान्ह्या पोळ्याचा नंदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ज्या दिवशी शहरात मारबतीची मिरवणूक निघते त्याच दिवशी, पोरं लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात. रेडियमला याहून चांगलं निमित्त नाही. कच्च्या लाकडावर गोंद धरत नाही, म्हणून नंदीला आधी ऑइलपेंट द्या आणि पूर्ण वाळू द्या. झुलीची नक्षी पाठीच्या सपाट बाजूंवर लावा. मी पहिल्या वर्षी एकच मोठा तुकडा पाठीवरून दोन्हीकडे उतरवला, तो वशिंडापाशी असा गोळा झाला की भाचीने विचारलं, "नंदीला गळू झालं का?" रेडियम एका दिशेने वळतं, दोन दिशांनी एकदम वळायला मागत नाही. वशिंड आणि मान यांच्यासाठी छोटी फुलं, टिकल्या, त्रिकोण कापा. शिंगांना अर्ध्या सेंटिमीटरच्या पट्ट्या, ड्रायरने गरम करून गुंडाळा. सोनेरी आणि लाल रंग घ्या. नंदीच्या पाटावर मुलाचं नाव लावा, म्हणजे गर्दीत नंदी बदलणार नाही.

चोवीस आऱ्यांचं चक्र. दीक्षाभूमीला जाताना गाडीच्या डिकीवर लावायला शेजारच्या काकांनी निळं अशोकचक्र मागितलं, तेव्हा मी हे शिकले. एक आरी काढा आणि १५ अंशांनी फिरवत चोवीस नकला करा. हाताने एकेक ठेवत बसाल तर शेवटची आरी जागेवर येत नाही. इंकस्केपमध्ये टाइल्ड क्लोन्सने एका झटक्यात होतं. मग बाहेरचं पोकळ कडं, मधलं वर्तुळ आणि आऱ्या युनियनने जोडा. आरी टोकाला दोन मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका. सहा इंचांचं चक्र सोपं, तीन इंचांचं डोळे फोडतं.

रांगोळीचा छाप. इथे रेडियम नको, एक्स-रेची जुनी फिल्म घ्या. ती पॉलिएस्टरची असते, कडक आणि पाण्याला न भिणारी. एका फेरीत कापली जात नाही. दाब थोडा वाढवून दोन-तीन फेऱ्या मारा, आणि या कामाचं ब्लेड वेगळंच ठेवा, कारण ते लवकर बोथट होतं. खरी मेख अक्षरांत आहे. 'शुभ दीपावली' जसंच्या तसं कापलं की प आणि व यांची पोटं गळून पडतात. पोटाला बाहेरच्या फिल्मशी धरून ठेवणारे छोटे पूल, तीनेक मिलिमीटरचे, फाइलमध्येच सोडावे लागतात. शिरोरेषाही सलग सोडू नका. लांब फट झाली की छाप मधून लोंबतो. म्हणजे पाटीसाठी जी शिरोरेषा जोडायची, तीच इथे मुद्दाम तोडायची. भोकं चहाच्या गाळणीइतकी बारीक नसावीत, रांगोळीची पूड अडकते.

मंडळाचे टी-शर्ट. कपड्याचं रेडियम वेगळं असतं, उष्णतेने चिकटणारं. चकचकीत बाजू खाली ठेवून मॅटवर घ्या आणि फाइल आरशासारखी उलटी करा. हे विसरणार नाही असं म्हणणारा प्रत्येक जण एकदा विसरतो. साधे सुती टी-शर्ट गांधीबागेत ठोक भावात मिळतात. आधी एकदा धुवून घ्या, म्हणजे खळ निघून जाते. इस्त्री सुतीच्या खुणेवर, वाफ बंद, पाणी काढून टाकलेलं. इस्त्रीची गादीची पाटी या कामाला मऊ पडते. मी जेवणाच्या लाकडी पाटावर सुती पंचा अंथरून करते. वर बेकिंगचा कागद ठेवून दहा-पंधरा सेकंद एका जागी दाबा; फिरवू नका, नक्षी सरकते. उचला, पुढच्या जागी ठेवा. हीट प्रेस, म्हणजे कपड्यावर छाप दाबणारं गरम मशीन, असेल तर साधारण १५० अंश, पण रोलवर लिहिलेलं तापमान अंतिम माना. पॉलिएस्टरच्या जर्सीला एवढी उष्णता देऊ नका, कापडाचा रंग वर चढतो. पहिली धुलाई एक दिवसानंतर, टी-शर्ट उलटा करून. पन्नास टी-शर्टची ऑर्डर घेण्याआधी एक टी-शर्ट पाच वेळा धुवून बघा. मी बघितला नव्हता, विसर्जनाच्या दिवशी 'मोरया'चा 'मोया' झाला होता.

आकाशकंदील. मॅटवर २०० ते २५० जीएसएमचा (कागदाची जाडी दाखवणारा आकडा) कार्डशीट, आत पतंगाचा कागद. जाळी कापायला मशीन हातापेक्षा कैक पटींनी बरं. मॅट नवी असेल तर आधी टी-शर्टला थोपटून तिचा चिकटपणा कमी करा, नाहीतर कागद सोलून निघतो. कागद मॅटवरून काढताना कागद वाकवू नका, मॅट वाकवा.

८. या कामांना हात लावू नका

तुमच्याकडे मशीन आहे हे कळलं की ओळखीचे लोक आधी नंबरप्लेट घेऊन येतात. सरळ नाही म्हणा. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावूनच देतात, आणि जुन्या गाड्यांनाही ती आता सक्तीची आहे. गाडीच्या काचांवर काळी फिल्म लावून मागणारेही येतात. त्यावर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली आहे. 'पोलीस' आणि 'भारत सरकार' लिहून मागणाऱ्यांना चहा पाजा आणि पाठवून द्या.

आणि एखादा मित्र म्हणेल की आमच्याकडे लेझर कटर आहे, त्यावर रेडियम झटपट कापून देतो. देऊ नका. रेडियम म्हणजे पीव्हीसी. लेझरने जळलं की त्यातून आम्लाचा विषारी वायू निघतो. तो छातीला घातक आहे आणि मशीनलाही गंज चढवतो. ब्लेडने कापायची वस्तू ब्लेडनेच कापा. बोथट झालेली ब्लेडं जुन्या औषधाच्या बाटलीत टाकून झाकण घट्ट लावा, मगच कचऱ्यात द्या. कचरा वेचणाऱ्या ताई पिशवीत हात घालतात.